पाठीखालची शिवण

मी एक झोळी बोलतेय. 'एक' म्हणते ते आता नुसतं सवयीनं. पूर्वी मी खरोखर एक होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, कुठे जोड नाही की ठिगळ नाही. आता माझ्या मधोमध एक शिवण आहे आणि ती नेमकी झोपणाऱ्याच्या पाठीखाली येते. ती कशी आली तेच सांगायचं आहे. मनात राग आहे, तो झाकून ठेवायचा माझा स्वभाव नाही.

झोळी म्हटल्यावर खांद्यावरची पिशवी डोळ्यांपुढे आणू नका. दोन झाडांना दोर बांधून टांगायची आणि माणसाने आत निजायचं, ती मी. माझा जन्म म्हसावदचा. शहाद्याच्या बाजारातून आणलेला रुंद पन्ह्याचा जाडाभरडा मांजरपाट हे माझं कूळ, आणि मला घडवलं गजराबाईने.

गजराबाई आणि तिचा नवरा रेवजी हे सातपुड्यातून खाली उतरलेलं जोडपं. दोघं कैक वर्षं ऊसतोडीला गेली. रेवजी डोक्यावर उसाची मोळी घेऊन तिरक्या फळीवरून ट्रकवर चढायचा. एकदा फळी निसटली आणि मोळीसकट तो पाठीवर आपटला. हाडं जुळून आली, पण पाठ पहिल्यासारखी झाली नाही. जमिनीवर टेकली की ठणका, खाटेवर टेकली की ठणका. झोप नाही म्हणून अन्न गोड लागेना, अन्न जाईना म्हणून अंगात त्राण राहीना. धडधाकट माणूस वाळत चालला.

उसाच्या फडात बायका तान्ह्या लेकरांना लुगड्याची झोळी बांधतात. गजराबाईने तेच केलं. आपलं एक लुगडं काढून दारापुढच्या दोन निंबांना बांधलं आणि नवऱ्याला आत निजवलं. रेवजी विळ्यासारखा वाकला. गुडघे हनुवटीला लागले. मला गाठोड्यात बांधून कुठे पाठवतेस, असं त्याने विचारलं म्हणे. हसत विचारलं, पण उतरताना दुसऱ्याचा हात धरून उतरला.

मग गल्लीतले सगळे जाणते गोळा झाले. प्रत्येकाचा सल्ला एकच, घट्ट ताणून बांध, म्हणजे सरळ होईल. ऐकायला पटतं, आणि तिथेच सगळे फसतात. झोळी ताणली की तिच्या दोन्ही कडा मिटतात आणि माणूस शेंगेतल्या दाण्यासारखा आत आवळला जातो. खांदे छातीवर येतात, मान अवघडते. गजराबाईने तेही करून पाहिलं आणि मग सल्ला देणाऱ्यांना चहा पाजून घरी घालवलं.

दुसऱ्या दिवशी तिने रेवजीला अंगणात उताणं निजवलं. त्याच्या शेजारी एक अख्खा ऊस ठेवला आणि डोक्यापासून टाचेपर्यंत मापून कापला. मग त्या उसाच्या निम्म्याने दुसरा ऊस त्याला जोडून ठेवला, आणि दोन्ही टोकांना दुमडायला हात-हात जागा सोडली. पाहणाऱ्यांना वाटलं, बाई वेडी झाली, एवढ्या कापडात दोन माणसं निजतील. तिने ऐकलं नाही. तेवढंच कापड आणवलं, टोकं दुमडून दुहेरी शिवली आणि दोर घासू नये म्हणून दोन्ही टोकांना आपल्या लुगड्याचा हिरवा काठ लावला. माझ्या अंगावरचा दागिना म्हणाल तर तोच.

तिने मला निंबांना उंच बांधलं आणि मधे भरपूर सैल सोडलं. रेवजी सवयीने सरळ पडायला लागला तर म्हणाली, "सरय नको पडू, जराखा तिरपा पड." डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला. तो तिरपा झाला आणि माझं कापड त्याच्या पाठीखाली सपाट पसरलं. त्याची पाठ आधी घाबरून आखडली होती, मग हळूहळू माझ्यावर सैल पडली. मला त्या क्षणी कळलं की मी कशासाठी जन्मले.

तो दिवस मावळताना निजला तो उन्हं तोंडावर आली तरी उठेना. गजराबाई इतकी घाबरली की तिने त्याच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं. उठल्यावर तो बराच वेळ माझ्यावरून हात फिरवत बसला.

"या झोयीले कधी कातर लावानी नही," तो म्हणाला.

"मी जित्ती शे ना," गजराबाई म्हणाली. "कोन लावस कातर?"

हे शब्द मी कापडाच्या धाग्याधाग्यात जपले. त्यांना काय अर्थ होता ते पुढे समजलंच.

पण त्यानंतरची वर्षं खरंच सुखाची गेली. रेवजीला केळीच्या बागेत राखणदारी मिळाली. दिवसा मी बांधावरच्या आंब्यांना, संध्याकाळनंतर दारातल्या निंबांना. त्याच्या पाठीला चोळायच्या तेलाचा वास माझ्या अंगात कायमचा मुरला. येणारा-जाणारा माझ्यावर बसून बघायचा. माणसांची ही खोड मला फार दिसली. चप्पल घ्यायची तर पाय घालून बघतील, आणि झोळी घ्यायची तर नुसतं बसून बघतील. बसायला कुठलीही झोळी बरी वाटते. ती खरी कळते ती अंग टाकल्यावर, आणि त्याहून सकाळी उठल्यावर.

त्यांचा मुलगा नवनीत सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. तो बायकोला, आशाला, घेऊन परत आला तेव्हा गजराबाईचे पाय जमिनीवर ठरेनात. नवनीतच्या डोक्यात एक कल्पना होती. तोरणमाळला सुट्टीत माणसं येतात, तलावाकाठी हिंडतात. तिथे झाडांना रंगीत झोळ्या टांगायच्या. त्याने त्या टांगल्याही, गुळगुळीत, चकचकीत कापडाच्या. सुरुवात बरी झाली. मग एके दिवशी एक जाडजूड पाहुणे सहकुटुंब एका झोळीत बसले आणि कापड टर्रकन फाटून सगळे मातीत पडले. लोक हसले. पुढच्या आठवड्यात दुसरी फाटली, मग तिसरी. आणि येत्या रविवारी तर एक मोठी सहल यायची होती.

रेवजी तेव्हा मोलगीकडे बहिणीच्या घरी लग्नाला गेला होता. मला मुद्दाम निंबावरच ठेवून गेला, जीपच्या टपावर माझे हाल नकोत म्हणून. नवनीत घरी आला, उंबऱ्यावर बसला आणि आईला म्हणाला, "बठ्ठं फाटी गयं, माय. आते परत सुरतले जास मी."

गजराबाईने घरात इकडेतिकडे पाहिलं. मग तिची नजर माझ्याकडे वळली. घरात मजबूत कापड एकच होतं, ते मी. शिवाय मी इतकी लांब, की माझ्या दोन होतील, हे नवनीतने आधीच मनात मोजलेलं होतं.

आशा तेवढी मधे पडली. सासऱ्याला ती आबा म्हणायची; आबांना विचारा तरी, असं ती म्हणाली. त्यावर गजराबाई जे म्हणाली ते मी विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. विचारलं तर ते हो म्हणतील, म्हणाली, आणि मग मला त्यांच्या तोंडाकडे बघवणार नाही. म्हणून विचारायचं नाही.

आशा आत निघून गेली. माझे दोर गजराबाईने स्वतः सोडले. नवनीत एकट्याने कापायला लागला तर कातर वाकडी जायला लागली. तेव्हा तिने माझी दुसरी बाजू दोन्ही हातांनी धरली आणि ताणली. ज्या बाईने मला सैल सोडायचं म्हणून साऱ्या गल्लीचा सल्ला मोडला, तिने मला ताणून धरलं. कातरीचं मला काही वाटलं नाही, कातरीला काय कळतं. मला दुखलं ते त्या हातांचं.

तोरणमाळला माझे दोन तुकडे शेजारी शेजारी टांगले. तिथली हवा थंड, तलाव देखणा, पण मला त्याचं काय. माणसं यायची, पाय सोडून बसायची, फोटो काढायची, उतरायची. कोणी निजायचा प्रयत्न केलाच तर पाय बाहेर, मान छातीत, आणि दोन मिनिटांत कंबर धरून उठायचा. आमची पाठच आता कामाची राहिली नाही, असं एकमेकांना सांगत पुढे जायचे. अहो, तुमच्या पाठीला काही झालेलं नाही, मी आखूड आहे, असं मला ओरडून सांगावंसं वाटायचं.

घरी काय झालं ते आशा आणि नवनीत यांच्या बोलण्यातून कळलं. रेवजी लग्नाहून आला तेव्हा गजराबाईने त्याला सांगितलं की झोळी उंदरांनी कुरतडली, फेकून द्यावी लागली. त्याने विश्वास ठेवला. उंदरांसाठी पिंजराही आणला. आणि खाटेवर निजायला लागला, म्हणजे निजला नाहीच. बागेत उभा असला तरी झाडाला टेकून असतो, जेवण अर्धं टाकून उठतो, असं आशा सांगत होती. नवनीत ऐकून घ्यायचा आणि दोर घट्ट करायला उठायचा.

एक दिवस रेवजी स्वतःच आला. मुलाचा धंदा बघायची हौस होती त्याला. नवा सदरा घालून आला होता. सगळ्या झोळ्यांकडे कौतुकाने बघत तो माझ्यापाशी पोचला आणि त्याला हिरवा काठ दिसला. त्याने काठ बोटांनी चाचपला. मग वाकून कापडाचा वास घेतला.

"उंदीर लई मोठा दिखस," तो म्हणाला.

नवनीतने मान खाली घातली. नुसता गप्प राहिला असता तरी भागलं असतं. पण सगळा दोष एकट्याच्या अंगावर नको होता त्याला. "मायनीच धरेल व्हती दुसरी बाजू," तो म्हणाला.

रेवजी माझ्या एका तुकड्यावर बसला. मग सवयीने तिरपा पडायला गेला. पण तिरपं पडायला लांबी लागते, ती माझ्याकडे उरलीच नव्हती. तो पुन्हा पहिल्या दिवसासारखा विळा झाला. मी जीव तोडून पसरायचा प्रयत्न केला. काही उपयोग झाला नाही.

मला वाटलं, आता हा बोलेल. दोर तोडेल, मला खांद्यावर टाकून घरी नेईल. तो उठला, सदरा नीट केला, मुलाला विचारलं की चांगलं चालू आहे ना, मग चालू दे. आणि खालच्या जीपमध्ये जाऊन बसला. मला तिथेच टांगलेली ठेवून. त्या मायलेकांचा राग आला होताच, त्या दिवशी रेवजीचाही आला. अजून पूर्ण गेलेला नाही.

सुट्ट्या संपल्या, माणसं येईनाशी झाली. ज्या सुरतेपासून वाचवायला मला कापलं, तिकडेच नवनीत निघाला. जाण्याआधी माझे तुकडे त्याने घराच्या कोपऱ्यात टाकले आणि आशाला घेऊन एस.टी.त बसला. गजराबाई दारात उभी राहून बघत होती. गाडी गेल्यावर आत आली आणि सुईत दोरा ओवायला बसली.

तिने मला जोडलं. टाके बारीक घातले, दुहेरी घातले, मनापासून घातले, हे मी नाकारणार नाही. पण तुकड्यांना दोर बांधायला नवनीतने नवी टोकं दुमडली होती, ती झिजून गेली होती, ती कापावी लागली आणि मी तेवढी आखूड झाले. तिने या वेळी ऊस आणून मापलं नाही. काय निघेल हे तिला माहीत होतं. तिने मला निंबांना बांधलं आणि रेवजीला सांगितलं, कपाटातल्या जुन्या तुकड्यांची नवी झोळी शिवली. तो बरं म्हणाला. उंदराचा विषय त्याने काढला नाही, आजपर्यंत काढलेला नाही.

तुम्ही कधी झोळी घ्यायला गेलात तर दोन झाडांतलं अंतर बघू नका, निजणाऱ्याचं अंग बघा. लांब घ्या, सैल बांधा, तिरपे निजा. आणि जिच्यात कोणाची झोप मुरली आहे तिला कातर लावायचीच असेल, तर आधी त्या माणसाला विचारा. तो हो म्हणेल याची भीती वाटत असेल तर जास्तच विचारा.

मी आता दारातच असते. रोज सकाळी गजराबाई झाडायला बाहेर येते आणि केरसुणी हातात धरून विचारते, "झोप लागनी?"

"लागनी," तो डोळे न उघडता म्हणतो.

ती चहा ठेवायला आत जाते. चूल पेटल्याचा आवाज येईपर्यंत तो तसाच पडून राहतो. मग माझ्या दोन्ही कडा मुठीत धरतो आणि पाठ शिवणीवरून हळूच वर उचलतो.