विणकामवर्गाचा ग्राफ

एस्तेरला पुण्याच्या कॉलेजात टेक्स्टाइलच्या शेवटच्या वर्षाला विषय मिळाला तो असा: आपल्या शहरातली इमारत निवडा आणि ती कापडात उतरवा. वर्गातल्या निम्म्या पोरींनी शनिवारवाडा धरला. शिकवणाऱ्या सुचित्रा मॅडमनी कपाळावर हात मारला आणि एस्तेरला म्हणाल्या, "तू नगरची ना? मग नगर विण की. इथे गर्दी कशाला करतेस?"

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत ती लोकर, सूत आणि ग्राफपेपरचं भेंडोळं घेऊन घरी आली. नगरात विणण्यासारखं काय कमी आहे? किल्ल्याचा बुरूज आहे, दमडी मशिदीची दगडी नक्षी आहे, आणि चांदबिबीचा नाही हे ठाऊक असूनही सगळे ज्याला चांदबिबीचाच म्हणतात तो डोंगरावरचा महाल आहे. एस्तेरनं तिन्हींचे छोटे नमुने केले. बरे झाले. पण मोठं थान करायचं होतं ते चौथ्याच इमारतीचं, आणि त्या इमारतीचं नाव कुठल्याच माहितीपुस्तकात नव्हतं.

त्यांच्या चर्चच्या आवारात मागच्या बाजूला एक बैठी, लांबट, काळ्या दगडाची इमारत होती. तिला सगळे विणकामवर्ग म्हणत. सागवानी तुळया, जाळीच्या सात खिडक्या. बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून मिशनच्या कुणा मडमेनं ती बांधून घेतली होती. आता तिथं चार माग, पाच बायका आणि एस्तेरची मेरीआत्या एवढंच उरलं होतं. आत्या तिथं चाळीस वर्षं शिकवत होती. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलं तर म्हणायची, "चार माग सांभाळता सांभाळता जीव जातोय, पाचवा कुठं घिऊ?"

हे माग खड्ड्याचे होते. जमिनीत खड्डा खणायचा, त्यात पाय सोडून बसायचं आणि पायानं माग चालवायचा. असा माग उचलून दुसरीकडे नेता येत नाही. जागा गेली की माग गेला.

आणि जागेवर डोळा होताच. चर्चच्या कमिटीला तिथं नवा हॉल आणि पुढं गाळे काढायचे होते. कमिटीचे अध्यक्ष आमोस सर, रिटायर हेडमास्तर, तीन वर्षं त्यासाठी धडपडत होते. पण कुणी कॉन्ट्रॅक्टर तयार होईना. भिंती आतून भरीव आहेत की नुसता मुरूम भरलाय, तुळया धड आहेत की वाळवीनं पोखरल्यात, पाडल्यावर हाती काय लागेल, कशाचाच अंदाज येत नव्हता. येणारा भिंतीवर टकटक करायचा, डोकं खाजवायचा आणि चहा पिऊन जायचा. त्या न लागणाऱ्या अंदाजावर आत्याचे चार माग तगून होते. पण हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आलं नाही. एस्तेरच्या तर मुळीच नाही. तिचं डोकं वेगळ्याच दिशेला धावत होतं.

"आत्या, मी असं थान करते की बघणारा हलला पाहिजे. मंडळींना एकदा कळू दे आपल्याकडे काय आहे ते. मग कोण पाडतंय बघू."

"कर की," आत्या म्हणाली. "पर ग्राफ काढल्याबिगर सूत लावायचं न्हाई. आठवनीवर इनलं की थान वाकडं येतंय."

आत्याचा हा नियम कुणालाच मोडता येत नसे. साधा टॉवेल असला तरी आधी कागद. मग काय, आठ दिवस दोघी भिंती मोजत होत्या. एस्तेर शिडीवर, आत्या खाली टेपचं टोक धरून. एक दगड, एक चौकोन. तडकलेल्या दगडावर फुली, कारण तिथं फिकं सूत टाकायचं होतं. धड तुळई लाल, किडकी पिवळी. आत्याला तो एकेक दगड माहीत होता. "ह्यो फुटलाय, ह्याला फुली मार. त्यो चांगला हाय. पूर्वंकडची भित आरपार दगडाची हाय बघ, आत मुरूम न्हाई. खिडकी मोठी केली तवा म्या डोळ्यांनी बगितलंय." भरीव दिसावी म्हणून ती भिंत दुहेरी विणायची असल्यानं एस्तेरनं तेही समासात लिहून ठेवलं.

मग तीन महिने पोरीनं दुसरं काही केलं नाही. दर शनिवारी पुण्याहून यायची आणि आत्याच्या मागावर बसायची. भिंती काळ्या-करड्या सुतात मागावर विणल्या. सात जाळ्या काळ्या लोकरीत सुयांवर विणून थानात बसवल्या. उलट टाका सैल सोडला की त्याला टाकीनं घडवलेल्या दगडासारखा खडबडीतपणा येतो, ही युक्ती आत्याची. थान झालं तेव्हा आत्यानं त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. मग म्हणाली, "माझ्या हातून आसं कदी झालं न्हाई." एस्तेरला त्या वाक्यापुढं कॉलेजचे मार्क फिके वाटले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, उपासनेनंतर, तिनं ते थान चर्चच्या व्हरांड्यात टांगलं. शेजारी ग्राफही लावला. लोक जमले, हळहळले, काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला. सगळ्यांनी थानाबरोबर फोटो काढले. ग्राफकडे मात्र कुणी ढुंकून पाहिलं नाही.

पाहिलं ते एकानंच. पांढरा शर्ट, पायात कोल्हापुरी, शेवगावकडचा माणूस. आमोस सरांबरोबर आला होता. नाव गहिनीनाथ. थानाकडे त्यानं एक नजर टाकली आणि ग्राफपुढं ठाण मांडलं.

"ताई, ह्या फुल्या कशाच्या वो?"

एस्तेर खुलली. इतक्या माणसांत हा एकच, ज्यानं काम कसं केलं ते विचारलं! आणि विणणाऱ्याला कामाची रीत विचारली की तो पोटातलं सगळं ओठावर आणतो. तिनं फुल्या सांगितल्या, लाल-पिवळं सांगितलं. समासातली टीप बोट ठेवून वाचून दाखवली.

"म्हंजी पूर्वंकडची आख्खी भित दगडाची?"

"आरपार. आत्यानं स्वतः पाहिलंय."

"लई बारीक काम केलं तुमी," तो मनापासून म्हणाला. "फोटू काढू का?"

"काढा ना! थांबा, सावली पडतेय, मी धरते," असं म्हणून तिनं ग्राफ खिळ्यावरून काढून त्याच्यापुढं उन्हात नीट ताणून धरला. घरी जाताना आत्याला सांगितलंसुद्धा, "एक तरी माणूस जाणकार निघाला." आत्यानं कोण म्हणून विचारलं. एस्तेरला नाव आठवलं नाही.

पुढच्या रविवारी मंडळीची, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांची, सभा होती. आमोस सरांनी एस्तेरला थान घेऊन पुढं बोलावलं. "दोन्ही हातांनी वर धर बेटा, मागच्यांना दिसू दे." तिनं धरलं. सर बोलायला लागले. एस्तेरनं आपली ऐतिहासिक वास्तू कायमची जपली आहे, म्हणाले. हे थान आपण नव्या हॉलच्या दर्शनी भिंतीवर काचेत लावू, म्हणाले. आणि देवाच्या कृपेनं आता कॉन्ट्रॅक्टरही मिळाला आहे. जुन्या वाड्यांचं दगड-लाकूड घेणारे गहिनीनाथभाऊ पाडायचं काम स्वतः अंगावर घ्यायला तयार आहेत, कारण त्यांना दगडान् दगडाचा हिशोब मिळाला आहे. असं म्हणून सरांनी फाईल उघडली. आत ग्राफच्या फोटोची रंगीत प्रत होती, फुल्यांसकट.

"सर, तो ग्राफ विणायला..." एस्तेर म्हणाली, पण थान तोंडापर्यंत आलं होतं, आवाज त्यातच अडकला.

तिसऱ्या बाकावरून आत्या उठली. "सर, माग कुठं लावायचं?"

"बघू ना मेरीबाई. हॉलमध्ये एखादा कोपरा देऊ."

"फरशीला खड्डा पाडू देनार का तुमी?"

कुणीतरी हसलं. सरांनी ठराव वाचला आणि अनुकूल असतील त्यांनी हात वर करा म्हणून सांगितलं. ज्या बायकांनी मागच्या रविवारी डोळ्यांना पदर लावला होता त्यांचेही हात वर गेले. आठवण जपली होती ना, मग आता इमारत कशाला? एस्तेर पुढं उभी होती, तिचेही दोन्ही हात वरच होते. सरांनी मोजणी केली तेव्हा तिलाही धरलं. आणि तिनं हात खाली घेतले नाहीत. थान जमिनीला लागेल म्हणून, असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. खरं म्हणजे शंभर माणसांसमोर ती घाबरली होती.

पाडायला नऊ दिवस लागले. गहिनीनाथच्या माणसांनी ग्राफ बघून दगडांवर चुन्यानं नंबर टाकले, धड तेवढे टेम्पोत भरले आणि सुप्याच्या पुढं कुठल्याशा हॉटेलच्या कंपाउंडला नेले. फुलीवाले तिथंच टाकून दिले. मागांचे खड्डे डबरानं भरले. पाच बायकांतल्या दोघी सुप्याच्या कंपनीत पॅकिंगला लागल्या, बाकीच्या घरी बसल्या. आत्या सोनईला दुसऱ्या भावाकडे गेली.

कॉलेजात एस्तेरचं काम पहिलं आलं. मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनासाठी फॉर्म भरायचा होता, आणि त्यात एक रकाना होता: ही कला आपण कोणाकडून शिकलात? एस्तेर फॉर्म घेऊन सोनईला गेली. तिला वाटत होतं, निदान एवढं तरी आपल्या हातात आहे. आत्याचं नाव छापून येईल.

आत्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. तिनं पाणी दिलं, जेवलीस का विचारलं. एस्तेरनं फॉर्म पुढं केला आणि रडायलाच लागली. "आत्या, मला माहीत नव्हतं गं. तो कशाला विचारतोय ते मला कळलंच नाही."

"ते मला ठावं हाय," आत्या म्हणाली. "तुला कळलं न्हाई. त्याचा राग न्हाई मला."

"मग तुझं नाव लिहू ना इथं?"

आत्यानं मेथीची जुडी खाली ठेवली. "नगं. समद्यांचं हात वर गेलं तवा मी तुज्याकडं बगत हुते. मला वाटलं, एस्तेर आता थान टाकंल. टाकलं आसतंस तर इमारत काय वाचली नसती. पर मी समद्यांना सांगितलं आसतं, ही माझ्या हाताखाली शिकली म्हनून."

तिनं पुन्हा जुडी उचलली. एस्तेरनं फॉर्मची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि ती उठली. नगरच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मांडीवर पर्स ठेवून तिनं त्या रकान्यात कॉलेजातल्या सुचित्रा मॅडमचं नाव लिहिलं.