बोटांची फट

शिवणकाम करणाऱ्या आईचा राग मालिकेवर नव्हताच; राग होता तो आपल्या धाकट्या बहिणीवर. तेरा वर्षांची लेक दर शनिवारी मावशीकडे जायची आणि अठरा वर्षांवरच्यांसाठीची ती खूनखराब्याची मालिका बघून यायची. घरी काही विचारलं की नुसतं "हं", अन् मावशीशी फोनवर तासन्‌तास खिदळणं! पोर आपली आणि कौतुक त्या बयेचं. आईचा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी एकदा तिने कात्री आपटली. "आता तिकडे जायचं नाही. हे काय बघायचं वय आहे तुझं?"

"भयंकर काही आलं की मावशी माझ्या डोळ्यांवर हात ठेवते," लेक म्हणाली.

तो हात आईच्या काळजाला झोंबला. डोळे झाकायला सख्खी आई काय मेली होती?

"मग इथेच बघ. मी ठेवते हात."

मशीन बंद करून ती लेकीला खेटून बसली. पाचव्याच मिनिटाला पडद्यावर एकाने दुसऱ्याच्या गळ्याला सुरा लावला. आईने झटकन लेकीचे डोळे झाकले, काजात बटण बसावं तसे घट्ट.

हाताखालून लेक कुरकुरली, "असं नाही गं आई! मावशी बोटं थोडी फाकवून ठेवते."

अठराचा आकडा आईला आठवत होता, नाही असं नाही. पण बहीणही आठवत होती.

तिने बोटं फाकवली. मावशीपेक्षा बोटभर जास्तच.