चाळीस मिनिटांचं फिरणं

सुक्या कचऱ्याच्या डब्यात मी कोपरापर्यंत हात घातला आणि वर्तमानपत्राच्या घडीखालून लसणाच्या शेवेचं रिकामं पाकीट बाहेर काढलं. आठवड्यातलं तिसरं. कचऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली होती, शेजारची सुरुची डबे घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. बघू दे. घरात चोर असला की पोलीसही घरातलाच लागतो.

चोर म्हणजे माझे यजमान, सुधाकर. वय एकाहत्तर, वीज मंडळातून निवृत्त. या शहरातला खांबन् खांब आपल्याला ओळखतो, असं म्हणायचे. दसऱ्याच्या सुमारास एकाच दुपारी त्यांनी मला चार वेळा विचारलं, आपली ऋजुता पुण्याला कधी गेली? पोरीला पुण्यात नोकरी लागून सहा वर्षं झालीत. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी ह्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. ह्यांना दोन आठवले.

"सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाले. "जादूचं औषध नाही. पण रोज चाळीस मिनिटं भरभर चाला, ताटात भाजी-डाळ वाढवा, तळलेलं कमी करा, बीपी आटोक्यात ठेवा, माणसांत बसा. उतरण सावकाश होऊ शकते. तीन महिन्यांनी परत बघू."

उतरणीच्या तळाशी काय असतं ते मला माहीत आहे. माझे वडील, अप्पासाहेब, शेवटची चार वर्षं मला रोज सकाळी अदबीनं विचारायचे, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे ऐकायची माझ्यात ताकद नाही. म्हणून मी कंबर कसली. अक्रोड आले, जवसाची चटणी आली, पालकाला सुट्टी राहिली नाही. कचोरी, जलेबी, शेव हद्दपार. इंदुरात घरातून शेव काढायची म्हणजे काय ते इंदूरवाल्यालाच कळेल. इथे लोक आमटीवरसुद्धा शेव घालतात.

पहिले दोन महिने बरे गेले. मग चाळीस मिनिटांचा दीड तास व्हायला लागला. सदऱ्याला जिरावणाचा वास यायला लागला, आणि हा मसाला इथे सकाळी पोह्यांवरच भुरभुरतात. विचारलं की म्हणायचे, "अगं, रस्त्यात कोणी ना कोणी भेटतंच. बातचीत होते. डॉक्टरनेच तर बोललाय ना, माणसांत बसा?"

"आणि हे पाकीट?"

"असेल कुणाचं तरी. तू पण ना, फालतूचा शक करते."

एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं, परीक्षांवर पहारे केले. कॉपी करणारी पोर मला पाठमोरीसुद्धा ओळखू येते. पण एक गोष्ट खटकत होती. पकडली गेलेली पोर रडते नाही तर भांडते. आमचे हे यातलं काहीच करत नव्हते. मी शेवेवरून तोंड सोडलं की हे पलंगाच्या कडेला बसून ऐकत राहायचे आणि चक्क सुटल्यासारखे दिसायचे. त्या चेहऱ्यानं माझं डोकं आणखीच फिरायचं. मी इकडे पालक निवडून बोटं हिरवी करतेय आणि हा माणूस दोन घास पोह्यांसाठी स्वतःचा मेंदू विकतोय!

तपासणीला आठ दिवस उरले, तेव्हा मी पायांत बूट चढवले आणि त्यांच्या मागे निघाले.

आमच्या स्नेहलतागंजातून ते झपाझप चालत निघाले. मला धाप लागली, म्हणजे चालण्यात तरी कामचुकारपणा नव्हता. पंचवीस मिनिटं झाली, स्वारी परत फिरली. मी एका बंद शटरच्या आडोशाला उभी राहिले. पुढे तीन रस्ते फुटतात, तिथे ते थांबले. एका रस्त्यावर चार पावलं गेले, परत आले. दुसऱ्यावर गेले, परत आले. मग दूध घेऊन चाललेल्या एका बाईला त्यांनी काहीतरी विचारलं. तिनं हसून हात केला, आणि हे त्या दिशेला चालू लागले. मी मागोमाग.

पोह्याचं दुकान! समोर गर्दी, वाफेवर ठेवलेली परात, आणि बाकावर आमचे यजमान, जणू जावईबापू.

"पकडलं!" मी भर रस्त्यात ओरडले. "घरी अक्रोड आणि इथे हे धंदे? लाज वाटत नाही?"

ते दचकून उठले. हातात प्लेट नव्हती. बाकावर, बाकाखाली, कुठेच नव्हती. दुकानदार झारा टाकून पुढे आला. दिवाकर त्याचं नाव, ते मला नंतर कळलं.

"आंटीजी, अंकलजी पे गुस्सा मत करो. एक दाना नी खाया इन्ने महीनेभर में. मैं खुद पूछता हूँ, भिया, आधी प्लेट? बोलते हैं, नी, वाइफ ने मना किया है."

"मग इथे बसतात कशाला?"

दिवाकरनं ह्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घर का रस्ता भूल जाते हैं ना. भीड़ कम होती है तो मैं गली तक छोड़ आता हूँ."

मी बाकावर बसले. हेही बसले, मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून.

"रोज?" मी विचारलं.

"रोज नाही गं. हफ्त्यातून दोन-तीनदा." ते तळहात चोळत होते. "पहिल्यांदा भूललो तेव्हा एका पोराला विचारलं, स्नेहलतागंज किधर है? तो बोलला, अंकल, उसी में तो खड़े हो. असा बघितला ना माझ्याकडे! मग मी ठरवलं, घर विचारायचंच नाही. पोहे विचारायचे. इंदुरात पोह्याची दुकान विचारली तर कोणी तोंडाकडे बघत नाही. हात धरून आणून सोडतात."

"आणि पाकिटं?"

"रिकामी, इथूनच उचलायचो आणि घरच्या डब्यात दडवायचो. जिरावणची चुटकी पण सदऱ्याला लावायचो." ते म्हणाले, "तू शेवेसाठी ओरडायचीस ना, बरं वाटायचं. नॉर्मल माणसावर ओरडल्यासारखं."

मला त्यांचा राग आला. महिनाभर एकट्यानं हे वागवलं म्हणून आला, आणि त्याहून जास्त माझा मला आला. डबे उपसले, वास घेतले, सगळे पुरावे गोळा केले, आणि माणसाकडे एकदा नीट पाहिलं नाही.

"डॉक्टरला नको सांगूस," ते म्हणाले. "ऋजुताला तर बिलकुल नको. घूमणं बंद करतील."

"डॉक्टरला सांगणार. आजच फोन करणार." मी बुटांच्या नाड्या आवळल्या. "आणि फिरणं बंद कोण करतंय बघतेच मी. उद्यापासून मी बरोबर आहे."

"तुझे गुडघे?"

"गुडघ्यांना काय कळतंय."

दिवाकर सोबत यायला निघाला होता, मी त्याला हातानं थांबवलं. आम्ही दोघं निघालो. तिठ्यावर पोचलो तसे हे थांबले. मी काही बोलणार एवढ्यात त्यांनी हात वर केला, मला सांगू नकोस म्हणून. बराच वेळ तिन्ही रस्त्यांकडे बघितलं. मग चेहरा उजळला.

"डावीकडे," ते म्हणाले. "आता पक्कं आठवलं. चल."

घर उजवीकडे होतं. ते पुढे झाले होते, ताठ मानेनं, मला घरी घेऊन चालले होते. मी डावीकडे वळले. पुढच्या कोपऱ्यावर सांगू, असं मनाशी ठरवलं. तो कोपरा आला, आणि मला सांगवलं नाही.