सतरा डाग

आजोबांनी शाळेच्या व्हरांड्यात पाऊल टाकलं आणि आधी खाली बघितलं. पाण्याच्या नळापासून चौथी फरशी. मग दाराजवळच्या तीन. मग खांबाला चिकटून असलेली. सगळं जागच्या जागी होतं, कुणाला काही दिसण्यासारखं नव्हतं, तरी त्यांनी परत एकदा नजर फिरवली.

"ए आजोबा, वर बघून चाल ना," नात त्यांचं बोट ओढत म्हणाली. "फरशी काय, रोजचीच आहे."

नात पहिलीत होती. घरात तिला गोटी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरायचीच नाही. वर्गात खडकांचा धडा सुरू झाल्यापासून तिने बाईंना आणि तीसेक पोरांना छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, आमच्या आजोबांना जगातले सगळे दगड माहीत आहेत. बाईंनी लगेच बोलावणं धाडलं. आता चाळीस वर्षं फरश्या बसवणाऱ्याला दगड माहीत असतात हे खरं. पण कापावा कसा, घासावा कसा, एवढंच. पुस्तकातलं कुणी काही विचारलं तर? आज पोरीचं नाक कापलं जाणार, या धास्तीने म्हाताऱ्याला सकाळचा चहासुद्धा गोड लागला नव्हता.

आणि त्यात शाळा नेमकी ही!

बावीस वर्षांपूर्वी इथल्या व्हरांड्याची आणि ऑफिसची राखाडी फरशी त्यांनीच बसवली होती. मोठ्या बाई तेव्हा नुकत्याच मुख्याध्यापिका झालेल्या. शिस्तीच्या फार करड्या. "एक डाग दिसला तरी फरशी परत," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. आणि माल उतरवून बघतात तो काय, सतरा फरश्यांवर डाग! बिस्किटाएवढे गोल वळसे, कडेने पोकळ झालेले. शाळा उघडायला आठ दिवस राहिलेले, आणि खाणीतून दुसरा माल यायला महिना लागला असता. मग त्यांनी धंद्यात सगळेच करतात ते केलं. त्याच दगडाची भुकटी राळेत कालवली, खळगे भरले, आणि वरून असं पॉलिश मारलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी पत्ता लागू नये. मोठ्या बाईंनी चारचौघांत पाठ थोपटली. "काम असं असावं!" पुढची कितीतरी कामं आजोबांना त्यांच्याच शब्दावर मिळाली. ते शब्द आठवले की बरंही वाटायचं आणि आत कुठेतरी टोचायचंही.

वर्गात आजोबांना बसायला चिमुकली खुर्ची मिळाली. गुडघे हनुवटीला टेकले, पोरं खुदखुदली. आजोबांनी पिशवीतून फरशीचे दोन तुकडे काढले, एकेक चिमटीत लोंबता धरला आणि हातोडीच्या दांड्याने वाजवला.

"हा बघा, कसा खणखणीत बोलतो. आणि हा?"

"बद्द!" सगळा वर्ग ओरडला.

"मग याच्या पोटात काय असेल?"

"गॅस!" एक पोरगा म्हणाला, आणि हसण्याचा नुसता कल्लोळ झाला.

"चीर आहे," आजोबाही हसत म्हणाले. "दिसत नाही, पण ऐकू येते. दगड घ्यायचा तो कानाने घ्यायचा."

मग काय, प्रत्येकाला वाजवून बघायचंच होतं. आजोबांच्या जिवात जीव आला. गोटी तर अशी ताठ बसली होती, जणू दगडांना बोलायला तिनेच शिकवलं.

बाई वयाने लहान होत्या, पण शिकवण्याची हौस दांडगी. त्यांनी आजोबांच्या पिशवीतला एक राखाडी तुकडा उचलला आणि एक पांढरा.

"हा चुनखडीचा खडक, आणि हा संगमरवर. आजोबा, हे दोघे एकमेकांचे कोण?"

"कोण म्हणजे? कोणीच नाहीत, बाई. हा अंगणात घालतात, तो दिवाणखान्यात."

"अहो, तोच आहे हा! राखाडी खडक जमिनीत खोल खोल गेला, तिथे भाजला, दाबला गेला, की त्याचा असा संगमरवर होतो. खडकसुद्धा बदलतात."

आजोबांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. चाळीस वर्षं दोन्ही कापले, एकाचा भाव वेगळा, दुसऱ्याचा वेगळा. आणि निघाला एकच! "कमाल आहे," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांना भारी मजा वाटली.

"त्याला भाजताना दुखतं का?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. "आणि चुनखडी आधी कोण होती?"

"दुखत नसावं," बाई म्हणाल्या. "आणि आधी ती समुद्राच्या तळाशी होती. शंखशिंपले मरतात, त्यांचा चुरा थरावर थर साठत जातो, लाखो वर्षांनी त्याचा खडक होतो. कधीकधी एखादा शंख अख्खाच राहतो, दगडात दगड होऊन. हे बघा." त्यांनी चित्र उंच धरलं.

वळशात वळसा, त्यात आणखी वळसा. कडेने जरा पोकळ.

आजोबांच्या हातातली हातोडी मांडीवर टेकली. हे त्यांनी पाहिलं होतं. एकदा नाही, सतरा वेळा.

"खराखुरा दाखवा ना, बाई!"

"खरा कुठून आणू रे? तो संग्रहालयात बघायला मिळतो. आपल्याकडे नुसतं चित्र."

"माझ्या आजोबांकडे असेल," गोटी उभी राहिली. "असेल ना, आजोबा?"

सगळा वर्ग त्यांच्याकडे बघू लागला. नुसतं नाही म्हटलं असतं तरी भागलं असतं. बावीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं, पोरगी थोडी हिरमुसली असती आणि संध्याकाळपर्यंत विसरलीही असती. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. तिला कसली शंकाच नव्हती. ती मैत्रिणीकडे वळून भुवया उडवत होती.

"आहे," आजोबा म्हणाले.

"घरी?" बाईंनी विचारलं.

"नाही, इथेच. बाहेर. नळापासून चौथ्या फरशीत."

पोरांचा लोंढा व्हरांड्यात आला. आजोबा फतकल मारून बसले आणि पिशवीतल्या बारीक छिन्नीने फरशी टोकरू लागले. त्यांनी ज्या हाताने खळगा भरला होता, त्याच हाताने आता राळेच्या कपच्या निघत होत्या.

"उजेड सोडा रे! डोकी मागे घ्या! गोटे, तू फुंकर मार."

तेवढ्यात ऑफिसचं दार उघडलं. मोठ्या बाईंचे केस आता पांढरे झाले होते, आवाज मात्र तोच होता.

"कोण माझी फरशी फोडतंय?"

"मीच, बाई," आजोबा म्हणाले. छिन्नी थांबली. "बसवली होती तीही मीच. तुम्ही डाग नको म्हणाला होतात. डाग होते. सतरा फरश्यांत. मी ते भरून टाकले आणि तुम्हाला बोललो नाही. वर तुम्ही पाठ थोपटलीत, तीही मुकाट घेतली. लाज वाटते, पण झालं ते असं."

गोटी एकदा आजोबांकडे बघत होती, एकदा मोठ्या बाईंकडे.

"मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुम्ही फरश्या परत पाठवल्या असत्या."

मोठ्या बाईंनी फरशीकडे पाहिलं. गोटीला मात्र सांगितलेलं काम आठवलं. तिने वाकून गालभर फुंकर मारली. धूळ उडाली आणि खळग्यात वळशात वळसा, त्यात आणखी वळसा, सगळा स्वच्छ उघडा पडला.

"शंख! खराखुरा शंख!" पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. वर्गाच्या बाई तर लहान मुलीसारख्या टाळ्या पिटायला लागल्या.

मोठ्या बाई खांबाला धरून सावकाश खाली बसल्या. त्यांचे गुडघे कटकन वाजले. त्यांनी एक बोट त्या वळशावरून बाहेरून आत, अगदी मधल्या टिंबापर्यंत फिरवलं. रोज सकाळी त्या इथूनच ऑफिसात जात होत्या.

"पाठवल्या असत्या," त्या हळूच म्हणाल्या. "एकूण एक."

मग त्यांनी मान वर केली.

"सतरा म्हणालात ना? बाकीचे कुठे आहेत, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? झोपेतून उठवलं तरी सांगेन. तीन दाराजवळ, एक खांबापाशी, दोन जिन्याखाली..." आजोबा जरा घुटमळले. "आणि एक तुमच्या ऑफिसात आहे. बरोबर खुर्चीखाली."

मोठ्या बाई गोटीच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या.

"चल गं," त्या म्हणाल्या. "खुर्ची जड आहे माझी. सरकवायला हात लाव."