डाव्या कोपऱ्यातली अक्षरं

"ताई, खाडाखोड एकपण नको हं. अमेरिकेत जायचंय ते," टेबलावर कागद ठेवत वैशालीने बजावलं.

चौऱ्याऐंशी साल. शनिवारी आमचं वाशीचं ऑफिस अर्धा दिवस असे. साहेब गेले की टाइपरायटर माझा. युनिव्हर्सिटीच्या अर्जाला स्वतःबद्दलचं एक पान जोडायचं होतं. त्या शनिवारच्या टपालाने ते गेलं नाही, तर तिचं वर्ष वाया. आमचे वडील, अण्णा, गेल्यावर मी बी.ए. अर्धवट सोडून इथे चिकटले, आणि आता धाकटी परदेशी निघाली होती. माझा जळफळाट होत होता, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या परिच्छेदाशी हात थांबले. दिघ्याच्या दगडखाणीतल्या कामगारांच्या मुलींना तीन वर्षं दर रविवारी शिकवलं, असं तिने लिहिलं होतं. रखमाने पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं आणि पुसेल म्हणून पाटी घमेल्यासारखी डोक्यावर ठेवून घरी नेली, तेही होतं. तीन वर्षं मी जात होते. वैशाली एकदाच आली होती, खडूचा डबा घेऊन.

"हे तू शिकवलंस?"

"आधी लिहिलेलं पान कॉलेजच्या सरांनी परत दिलं. बोलले, यात तू कुठं दिसतच नाहीस. माझ्याकडे मार्क सोडून काय आहे, ताई?"

"म्हणून माझं घेतलंस?"

"तुला कुठं अर्ज करायचाय?"

कागद टराटरा फाडावासा वाटला. असं पान माझ्याकडे कधी कुणी मागितलंच नव्हतं. पण रखमाची ओळ पुन्हा वाचली, आणि बोटं चालू लागली.

पान निघालं. वैशालीने ते शेवटपर्यंत वाचलं. "खाली हे काय?"

आमच्या ऑफिसच्या प्रत्येक पत्राखाली डाव्या कोपऱ्यात दोघांची आद्याक्षरं पडत. ज्याचा मजकूर त्याची कॅपिटलमध्ये, तिरक्या रेघेपुढे टाइपिस्टची बारीक. अकरा वर्षांत माझी नेहमी बारीकच होती. आज कॅपिटलमध्ये माझं जे. के. होतं, आणि रेघेपुढे वैशालीचं बारीक व्ही. के.

"ऑफिसची खूण आहे. सवयीने पडली," मी म्हटलं. "दे, दुसरं मारते."

दुसरं पान कोपरा कोरा ठेवून मारलं. ते घेऊन ती टपालाची वेळ गाठायला पळाली.

पहिल्या पानामागे रोजच्यासारखा कार्बन लावलेला होता; ती कॉपी मी नीट घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली आणि टाइपरायटरवर कव्हर घातलं.