उबवणी केंद्रातला बसबार

मित्रांनो, मी एक जुना बसबार आहे. बसबार म्हणजे ॲल्युमिनियमची जाड, लांब पट्टी. कोंबडीची अंडी उबवणाऱ्या एका केंद्रात, भिंतीवरच्या लोखंडी पेटीत मी राहतो. वीज माझ्या अंगातून तांब्याच्या पट्टीत जाते आणि तिथून उबवणीच्या यंत्रांत. जनरेटर लावला तरी वाट माझ्याच अंगातून! त्यामुळे थोडा रुबाब करतो मी.

कारखान्यात मला तापवून साच्यातून ढकलले, तेव्हा मी काय चमकत होतो! पण माझी एक खोड आहे. हवा लागली, की मी लगेच अंगावर बारीक पापुद्रा ओढून घेतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण विजेला आडवा येतो. काय करणार, स्वभाव!

हे केंद्र एक वहिनी चालवतात. विजेची कामे त्यांचे धाकटे दीर करतात. माणूस लाखमोलाचा, पण हात भलता जड. बोल्ट दिसला, की पिळलाच! मला बसवताना त्यांनी मन लावून घासले. “वहिनी, बघा, तोंड दिसतंय!” म्हणाले, आणि गेले चहाला. तिथे गप्पा रंगल्या. ते परत येईपर्यंत मी पापुद्रा पांघरून बसलो होतो. त्यावरच त्यांनी तांब्याची पट्टी ठेवली, जोर वाढवायला पान्ह्याला नळी अडकवली आणि बोल्ट असा आवळला, की माझा जीव कंठाशी आला. मी मऊ आहे हो! हळूहळू मी तिथे दबत गेलो आणि जोड ढिला पडला.

एका सकाळी करपल्याचा वास सुटला. जोड तापला होता. नेमक्या त्याच दिवशी अंड्यांना आतून चोची लागत होत्या. ऊब गेली, तर पिल्लेही जाणार होती. मी फार घाबरलो.

दीर पान्हा घेऊन धावले. “अजून एक पीळ देतो, वहिनी!”

“भावोजी, पिळून पिळूनच ही वेळ आली असेल तर?”

ते थबकले. मी किती चपटा झालोय, ते त्यांनी पाहिले. “खरंच की! आणि घासून चहाला गेलो होतो, ते वेगळंच. वहिनी, यंत्रांची दारं उघडू नका. आतली ऊब आतच राहू दे.”

त्यांनी मुख्य वीज बंद केली आणि ती खरंच गेल्याची खात्री केली. जोड खोलून माझे काळे डाग कानशीने काढले. मग ग्रीस लावले आणि ग्रीसमध्येच तारेचा ब्रश फिरवला, हवेला जवळ फिरकूच दिले नाही. काय गुदगुल्या झाल्या! कथिलाचा थर दिलेली तांब्याची पट्टी लगेच वर बसवली. नव्या बोल्टखाली स्प्रिंगसारखी वाटीदार चकती घातली. मी तापून फुगलो, गार होऊन आक्रसलो, तरी ती पकड सोडत नाही. शेवटी आला मापाचा पान्हा. ठरलेला जोर भरताच तो ‘टक’ वाजला. दिरांचे हात शिवशिवू लागले.

“एवढंसंच, वहिनी?”

“हात मागे!”

हात मागे गेला. वीज आली, आणि मी अगदी गारेगार राहिलो. संध्याकाळी वहिनींनी पिल्लांचे ट्रे बाहेर काढले, तेव्हा दीर दारातूनच विचारू लागले, “आहेत ना सगळी?”

“आहेत. तुमच्यासारखीच कलकल करताहेत!”

मित्रांनो, तुम्ही माझ्या पेटीला हात लावू नका. पण करपल्याचा वास आला, तर मोठ्यांना लगेच सांगा. त्यांना म्हणावे, घासले की लगेच जोडा, आणि ‘टक’ झाले की थांबा. माझ्या पलीकडे कुणीतरी अजून कवचात असते.