प्रेमिलाबाईंची रॅलीची गाडी

मित्रांनो, माझ्या दारांवर आज मोठमोठे आकडे रंगवलेले दिसतात. पण मुळात मी नागपूरची एक साधी, घरगुती मोटार. माझ्या मालकीणबाई, प्रेमिलाबाई, एसटीत कंडक्टर होत्या. उमरेडच्या फेऱ्यांत त्यांचे निम्मे आयुष्य गेले. बारा वर्षे मी त्यांच्या घरची माणसे आणि काटोलची संत्री निमूटपणे वाहिली.

मग त्यांची मुलगी रोशनी मेकॅनिक झाली आणि माझे दिवस फिरले. मला रॅलीत, म्हणजे मोटारींच्या शर्यतीत, उतरवायचे म्हणून तिने माझी मागची सीट काढून तिथे, गाडी उलटली तरी आतले सुखरूप राहावेत म्हणून, लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला. खाली दणकट स्प्रिंगा, आत ताकदवान इंजिन. मी सुरू झाले की गल्लीतली कुत्री शेपूट घालत. प्रेमिलाबाई मात्र रुसल्या. जागा वाढवायची सोडून कमी करणारी पोरगी कंडक्टरच्या पोटी कशी आली, हे त्या ज्याला त्याला विचारत.

दोन वर्षांच्या खटपटीनंतर उमरेडकडच्या कच्च्या रस्त्यांवर आमची पहिली रॅली ठरली. गाडी चालवणाऱ्या रोशनीच्या शेजारी बसून वहीतली वळणे वाचून सांगणाऱ्या तिच्या मैत्रिणीला, नूपुरला, नेमका त्याच सकाळी ताप भरला. जोडीदाराशिवाय गाडी सोडत नाहीत. रोशनी माझ्या बॉनेटला टेकून रडू लागली. डबा घेऊन आलेल्या प्रेमिलाबाईंनी तिच्याकडे पाहिले, हेल्मेट उचलले आणि त्या आत येऊन बसल्या.

थोडे अंतर गेल्यावर त्यांनी वळणांची वही मिटली. म्हणाल्या, "डांबरी रस्ता नव्हता तवा माझी बस याच वाटेनं जाये. उजवीकडे घे वं, डाव्या बाजूले नाला आहे."

मी वाऱ्यासारखी सुटले. इतक्यात रस्त्याकडेला एका म्हाताऱ्याने हात दाखवला. प्रेमिलाबाईंच्या तोंडून सवयीने "थांब" निघाले. रोशनीनेही सवयीने आईचे ऐकले. मी करकचून थांबले.

"जागा नाही बाबा," प्रेमिलाबाई खिडकीतून म्हणाल्या. "मागून रिकामी गाडी येऊन राहिली."

"मले कुठंच जायचं नाही बाई," म्हातारा म्हणाला. "वळणावर माह्या शेळ्या बसून राहिल्या."

शेळ्या उठेपर्यंत तीन मिनिटे गेली. आमचा अकरावा नंबर आला. गाड्याही अकराच होत्या. पण परतताना दोघी पोट धरून हसत होत्या, आणि पुढच्या रॅलीलाही रोशनीच्या शेजारी आपणच बसणार, असे प्रेमिलाबाईंनी बजावले.

म्हणून मित्रांनो, इंजिनाचे कौतुक सगळेच करतात, कधी ब्रेकचीही विचारपूस करा. आणि रस्त्यात कोणी हात दाखवला, तर जरा थांबा. त्याला कुठे जायचेच असेल, असे नाही.